पेपरातलं उत्तर

मधल्या सुट्टीत मुक्ता पाण्याच्या टाकीजवळ घसरून पडली आणि फुटक्या फरशीने तिचा हात कापला. मी धावत गेले तेव्हा मुली तिच्याभोवती नुसत्या उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे माझ्या वर्गातली सायली होती. तिच्या हातात घडी केलेला स्वच्छ रुमाल होता आणि ती वाहणाऱ्या रक्ताकडे बघत होती. मी तोच रुमाल घेऊन जखमेवर दाबून धरला, तेव्हा कुठे रक्त थांबलं.

प्रथमोपचाराच्या प्रश्नाला सायलीला मी नुकतेच पैकीच्या पैकी गुण दिले होते. मुक्ताला दवाखान्यात नेल्यावर मी सायलीला विचारलं, "अगं, जखम दाबून धरायची, हे तूच लिहिलं होतंस ना?"

"हो बाई. पण ते पेपरात होतं."

ती उलट बोलत नव्हती, खरं तेच सांगत होती. मला मात्र धडकी भरली. पुराचं पाणी, तुटलेली विजेची तार, अनोळखी माणसाचं गोड बोलणं, या सगळ्याची उत्तरं मुलींना पाठ आहेत. पण तसा प्रसंग येईल तेव्हा त्यावर प्रश्न क्रमांक लिहिलेला नसेल.

दुसऱ्या दिवशी मी बाकं भिंतीकडे सरकवली आणि मुलींना एकमेकींच्या हातांवर सराव करायला लावला. सायलीने माझं मनगट धरलं.

"एवढं पुरे?"

"अजून जोरात."

"बाई, तुमची नाडी केवढी उडतेय. घाबरलात का?"

"हो," मी म्हणाले. "दाबून धर. सोडू नकोस."