कागदावर पंच्याहत्तर किलो

जळगावच्या विमानतळावर माझं काम लोडशीट करण्याचं आहे. विमानात माणसं किती, बॅगा किती, इंधन किती, आणि एवढं सगळं घेऊन ते आमच्या आखूड धावपट्टीवरून उठेल का, याचा हिशोब एका कागदावर मांडायचा आणि तो कॅप्टनच्या हातात द्यायचा. कॅप्टनने सही केल्याशिवाय विमान हलत नाही. धुळे तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या गुरुजींनी माझी बेरीज-वजाबाकी पक्की करून घेतली, त्यांची आठवण हा कागद भरताना बहुतेक रोज होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्यामागून धाकटी बहीणही शिकली आणि नोकरीला हैदराबादला गेली.

मे महिन्यात हे काम अवघड होतं. हवा तापली की विरळ होते, आणि पंखांना आधार कमी मिळतो. म्हणजे तापमान एका अंशाने चढलं तरी विमानातून शंभरेक किलो खाली उतरवावे लागतात. टॉवरवरून दर अर्ध्या तासाला तापमान कळतं, आणि उन्हाळ्यात तो आकडा ऐकला की मी लोडशीट पुन्हा मांडायला घेतो.

त्या दिवशी माझी आईच प्रवासी होती. आम्ही तिला माय म्हणतो. बहिणीचं सिझेरियन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरलं होतं. तिचा नवरा जहाजावर, सासरचं जवळ कोणी नाही. "मला आत नेण्याआधी माय पाहिजे," एवढंच ती फोनवर रोज म्हणत होती. मी मायला कर्मचाऱ्यांच्या सवलतीचं तिकीट काढून दिलं. पूर्ण पैशाचं काढता आलं असतं, पण नोकरीतून घरच्यांना काहीतरी मिळतंय हे मला दाखवायचं होतं. सवलतीच्या तिकिटाची अट अशी की जागा उरली तरच बसवतात, आणि कोणाला उतरवायची वेळ आली तर पहिला तोच प्रवासी उतरतो. अट मला माहीत होती. मायला मी ती सांगितली नव्हती.

हैदराबादचं विमान अकराला यायचं ते वेळेवर आलं. तापमान एकोणचाळीस. माय धरून सगळं बसत होतं. मी तिला बोर्डिंग पास दिला, तो तिने पोथीसारखा दोन्ही हातांनी धरला.

मग निरोप आला की मागच्या दाराचा दिवा जात नाही. दार नीट लागलं की कॉकपिटमधला हा दिवा विझायला हवा. दार लागलेलं होतं, तरी दिवा पेटलेलाच. लहान विमानतळावर कंपनीचा मुक्कामी इंजिनिअर नसतो, म्हणून तो विमानाबरोबरच प्रवास करतो. आमचे इंजिनिअर साहेब नागपूरचे, शांत माणूस. ते पेटी घेऊन दाराशी बसले. प्रवासी आत हॉलमध्येच थांबले होते.

"काय व्हयनं रे भाऊ?" मायने काचेआडून हातानेच विचारलं. मी आत जाऊन सांगितलं, थोडं काम आहे.

"बस असती तर सगळ्यांनी उतरून धक्का मारला असता," शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. ते पाइपच्या धंद्यातले होते. माय हसली. मला हसू आलं नाही.

बाराला तापमान एकेचाळीस झालं. मी नवी लोडशीट केली. माय अजून बसत होती, वर फक्त तीस किलो शिल्लक. साडेबाराच्या आकड्याआधी कॅप्टनची सही झाली तर ती जाणार, नाही तर नाही. हे त्या वेळी फक्त मलाच माहीत होतं.

बारा वीसला दिवा विझला. दुरुस्तीच्या वहीत इंजिनिअर साहेबांची सही झाल्याशिवाय कॅप्टन मॅडम माझा कागद हातात घेणार नव्हत्या. साहेबांनी वही मांडीवर ठेवली होती, पण पेन खिशातच होतं. ते दार उघडून पुन्हा लावत होते.

"साहेब, दिवा गेला ना?"

"गेला."

"मग सही करून टाका ना. साडेबाराला तापमान बदलेल."

"तीनदा लावून बघायचं असतं. दोनदा झालं."

"दोनदा झालं म्हणजे झालंच की, साहेब. रोजचंच दार आहे."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. "आत कोण आहे तुझं?"

"आई."

"मग तर थांब," ते म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा दार लावलं.

कॉकपिटमधून कॅप्टन मॅडमचा आवाज आला, "दिवा परत लागला."

साहेबांनी पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि झाकण पुन्हा उघडलं. माझे कान तापले होते, आणि ते उन्हाने नव्हे.

आत एका वायरची जोडणी सैल निघाली. ती पक्की करून, दार तीनदा लावून, वहीत सगळं लिहून सही होईपर्यंत एक वाजला. तापमान त्रेचाळीस. दोनशे चाळीस किलो उतरवायचे होते.

"आधी बॅगा काढा," मॅडम म्हणाल्या. नऊ बॅगांचे एकशे दहा किलो झाले. राहिलेल्यासाठी दोन माणसं उतरवावी लागणार होती. पाइपवाले गृहस्थ आपण होऊन तयार झाले, म्हणाले, परवा गेलो तरी चालतं. दुसरं नाव मॅडमना विचारावं लागलं नाही; सवलतीचं तिकीट एकच होतं. आयत्या वेळच्या बदलासाठी लोडशीटच्या खाली चौकोन असतो. तिथे मी माझ्या हाताने दोन माणसं वजा केली.

मायला सांगितलं तेव्हा तिने आधी ऐकूनच घेतलं नाही.

"मन्हं वजन चव्वेचाळीस किलो शे. दवाखानामा मोजेल शे. लिख तसं."

"माय, कागदावर सगळे सारखे. मोठा माणूस म्हणजे पंच्याहत्तर किलो."

"मी पंच्याहत्तर?" तिने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. "मॅडमले दाखाड मन्हा हात."

विमान उठलं तेव्हा ती काचेशी उभी होती. "मन्ही जागावर कोन बसनं?"

"कोणी नाही. रिकामी आहे."

"रिकामीच लयी ग्यात?" जागा रिकामी नेली, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

मी रजा टाकली आणि तिला घेऊन बसने छत्रपती संभाजीनगरला, तिथून रेल्वेने निघालो. गाडी उशिरा धावत होती. सकाळचे आठ वाजले तेव्हा आम्ही डब्यात समोरासमोर बसलो होतो, आणि माय माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. दवाखान्यात पोचायला अकरा झाले. बहीण खाटेवर होती, शेजारी मुलगी. दोघी सुखरूप होत्या.

"ऑपरेशनच्या कागदावर सही मीच केली," बहीण म्हणाली. "आत नेताना दोनदा मागे वळून बघितलं. मला खूप भीती वाटली, दादा."

मायने तिच्या कपाळावर हात ठेवला. "इमान बिघडेल व्हतं, बेटा."

"किती बिघडलं होतं?"

"एक दिवा जात नव्हता," मी म्हणालो. आणि मग तिथेच मी त्या दोघींना सांगून टाकलं, की दिवा परत लागण्याआधी मी सही करा म्हणून साहेबांच्या मागे लागलो होतो.

मायने माझ्याकडे वळून विचारलं, "तू त्यासले घाई लावी? त्या इमानमा मी बसनार व्हतू, आनि बठ्ठा लोके."

"हो. सगळेच बसणार होते."

"सांगी दे मंग त्यासले, चुकनू म्हनी."

पंधरा दिवसांनी तेच साहेब जळगावला आले. चाकाजवळ वाकून टायर बघत होते. मी लोडशीट हातात घेऊन बाजूला उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी घाई केली. माझं चुकलं."

"कोणती घाई?" त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी दिव्याचं आणि दाराचं सांगितलं.

"अच्छा, ते," ते टायरवरून हात फिरवत म्हणाले. "रोज कोणीतरी करतं. आज सकाळपासून दोघांनी केली." आणि ते दुसऱ्या चाकाकडे गेले.