मुद्दलाला हात

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी यमुना टिपणीसने किंग्ज हीथच्या स्टॉपवर बस उभी केली, दार उघडलं, तर समोर नवरा.

उदयने ज्येष्ठांचा फुकट पास मशीनवर टेकवला. मशीन कर्कश वाजलं.

"साडेनऊनंतर चालतो," ती काचेआडून म्हणाली. "आत्ता यायचं तर तीन पौंड."

"अगं, चार मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मग चार मिनिटं थांबा. मागून दुसरी बस येतेय."

रांगेतल्या बाई घड्याळ बघायला लागल्या. उदयने कार्ड काढलं, किडनी मागितल्यासारखं तोंड करून तिकीट घेतलं आणि काचेला खेटूनच उभा राहिला.

यमुना बासष्ट वर्षांची आहे आणि एकवीस वर्षं बर्मिंगहॅममध्ये बस चालवते. गेले आठ दिवस ती नवऱ्याशी घरात बोललेली नाही. त्याचे फोनही घेत नाही. म्हणून त्याने तिची बस गाठली होती.

उदय अडुसष्टचा. गिअरच्या कारखान्यात तपासनीस होता. केसाएवढा फरक दिसला की माल परत पाठवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने घरावर चाळीस हजार पौंड कर्ज काढलं. कारण सांगितलं, मागे एक खोली वाढवू, खाली न्हाणीघर करू, तुझे गुडघे दुखतात. यमुनाने सही केली. मग बिल्डर आजारी पडला, बिल्डर सुट्टीवर गेला, बिल्डर स्पेनला गेला. चार महिन्यांनी उदयने पेढे आणले. तिने एक खाल्ला आणि विचारलं, "कशाचे?"

"पहिल्या डिव्हिडंडचे."

खोलीचे पैसे त्याने शेअर्समध्ये घातले होते. कर्जाचं व्याज साडेपाच टक्के, शेअर्सचा डिव्हिडंड साडेआठ. मधले तीन टक्के फुकटचे, असा त्याचा हिशेब. त्या पेढ्याचा राग तिला अजून आहे.

वर्षभर डिव्हिडंड आला. मग एका कंपनीने तो बंदच केला, दोघींनी निम्म्यावर आणला, आणि चाळीस हजारांचे सत्तावीस झाले; हे तिला आठ दिवसांपूर्वी कळलं. हप्ता मात्र दरमहा सव्वातीनशे पौंडांचा, आणि तो जातो यमुनाच्या पगारातून.

"ड्रायव्हरशी बोलू नये. लिहिलंय तिथे," ती म्हणाली.

"मराठीत नाही लिहिलेलं." तो काचेजवळ वाकला. "तुझ्या फोनवर लिंक आलीय. नुसतं बोट लावायचंय. आज दुपारी बाराला मुदत संपते."

"कसली लिंक?"

"आणखी पंधरा हजार कर्जाची. शेअर्स स्वस्त आहेत, आत्ता घेतले की खरेदीची सरासरी खाली येते."

पुढचा सिग्नल लाल झाला तेव्हा यमुनाने ब्रेक असा दाबला की उदयला खांब धरावा लागला. इतक्या वर्षांत तिने असा ब्रेक दाबलेला नव्हता. तिने माइकवरून प्रवाशांची माफी मागितली. नवऱ्याची नाही.

शहरातल्या शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. तो राहिला. यमुनाने इंजिन बंद केलं, केबिनचं दार उघडलं, पिशवीतून फोन काढून चालू केला. उदयच्या चेहऱ्यावर हुश्श उमटलं.

तिने लिंक उघडली, शेवटपर्यंत वाचली आणि त्याच्या डोळ्यांसमोर 'नामंजूर' दाबलं.

"काय केलंस!"

"आता तुमचा फोन काढा. आहेत ते विका आणि कर्जात भरा."

"वेडी आहेस का? आज विकले तर तेरा हजार बुडाले! मुद्दलाला हात लावायचा नाही. आईने जन्मभर बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर घर चालवलं, पण मुद्दलाला—"

"आईंचं मुद्दल आईंचं होतं. हे बँकेचं आहे. आणि बुडालेत ते आधीच. तुम्ही फक्त बघत नाही."

"डिव्हिडंड पुन्हा सुरू होईल. त्यांचा चेअरमन स्वतः म्हणालाय."

"मग हप्ता त्या चेअरमनकडे मागा. उतरा, अहो. मला बस झाडून घ्यायचीय."

खातं त्याच्या एकट्याच्या नावावर. शेअर्स विकणं तिच्या हातात नाही. नवं कर्ज अडवणं हातात होतं, ते तिने केलं. तो फुटपाथवर उतरून, तिथेच उभा राहून फोनवर भाव बघू लागला. ती आरशातून ते बघत होती, आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

यमुना नाताळात निवृत्त होणार होती. तसं डेपोत कळवूनही झालं होतं. दुपारच्या सुट्टीत तिने सुपरवायझर नकुलला गाठलं आणि निवृत्ती मागे घेतली.

"नक्की ना, यमुनाताई? गुडघ्यांचं काय?" त्याने विचारलं.

"ते माझेच आहेत. ते तरी गहाण नाहीत," ती म्हणाली.

नकुलने तिचं नाव नाताळानंतरच्याही पहाटेच्या पाळीत टाकलं. उद्या तिला चार पन्नासला डेपोत हजेरी लावायची आहे. पहिली बस पाच वाजून अकरा मिनिटांनी निघते.