वरचा सा, चार मात्रा

गुंडप्पा मास्तर क्लॅरिनेट वाजवताना डोळे मिटून घेत. एरवी मात्र त्यांची नजर चारी दिशांना असे. निलंग्याच्या बँडवाल्यांत एवढा गोड वाजवणारा दुसरा नव्हता, आणि एवढा संशयी माणूसही दुसरा नव्हता. तरुणपणी बिदरच्या एका उस्तादाकडे ते पाच रेघांचं इंग्रजी नोटेशन शिकले होते. बँडच्या सगळ्या चाली त्यांनी एका वहीत लिहून ठेवल्या होत्या. वही ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली करगोट्याला.

त्या ट्रंकेला वाळवी लागली. अर्धी वही चाळण झाली. सून सुकन्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, "मामा, उरलंय ते कॉम्प्युटरात उतरवू. नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळतं. एकदा लिहिलं की क्लॅरिनेटचं, ट्रम्पेटचं, ज्याचं त्याचं पान वेगळं छापून निघतं."

"फुकट?" मास्तर तिथंच अडकले. "फुकट कोन देतंय गं? देनारा कायतरी घेतच आसंल."

तरी दुसरा इलाज नव्हता. सुकन्या लिहायची, मास्तर शेजारी बसून तिच्या बोटांवर पहारा द्यायचे. नवरदेव मांडवात शिरतानाची चाल सगळ्यात शेवटी दिली. ती त्यांनी स्वतः बांधलेली होती. पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या बाजातून ती निघत नव्हती.

फाल्गुनात सुकन्याच्या चुलत बहिणीचं लग्न निघालं, तिच्या माहेरी, अर्धापूरला. मांडवाच्या दाराशी केळीचे ताजे खुंट रोवलेले, पुढं तिथलाच एक बँड. नवरदेव गाडीतून उतरला आणि बँडनं चाल धरली. मास्तरांच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या. चाल त्यांची होती!

घरी आल्यावर मुलाला, वीरेशला, बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या बायकोनं माझी चाल माहेरला पोचवली."

"आप्पा, कायबी काय बोलता?" वीरेश म्हणाला. पण त्याच्या बोलण्यात जोर नव्हता.

सुनेला मास्तरांनी काही विचारलं नाही. उलट म्हणाले, "ते लिहायचं मलाबी शिकव." तिला बरं वाटलं. मास्तरांच्या मनात होतं ते एवढंच की चाल त्या डबड्यातून बाहेर कुठल्या वाटेनं जाते, ती वाट हुडकायची.

क्लॅरिनेटवर पळणारी बोटं माउसवर अडखळू लागली. सूर एका रेघेवर ठेवायला जावं तर दुसरीवर पडे. एखादी मात्रा मोकळी सोडली की यंत्र आपणहून तिथं विश्रांतीची खूण टाकी.

"हे कोन घातलं?"

"माप पुरं व्हावं लागतं मामा, म्हणून तेच घालतंय."

"मला न इचारता?"

एकदा फार उंच सूर लिहिला तर त्याचा रंग बदलला. वाजवायला अवघड आहे म्हणून सावध करतंय, असं सुकन्यानं सांगितलं. "ह्याच्या बापानं क्लॅरिनेट फुकलंय का कवा?" मास्तर उखडले. आणि रोज उठताना तोच प्रश्न, "सेव्ह केलं म्हंजे गेलं कुठं?" तिनं फोल्डर दाखवलं, इंटरनेट बंद करून दाखवलं. तरी मास्तर स्वतः उठून इंटरनेटच्या डबीचा दिवा विझलाय का ते बघून यायचे.

जूनपर्यंत त्यांना सगळं एकट्यानं लिहिता येऊ लागलं. एके दुपारी सुकन्या शाळेत असताना त्यांनी पुरावाच तयार करायचं ठरवलं. एकदा ऐकलेली चाल ते विसरत नसत. अर्धापूरला ऐकलं ते जसंच्या तसं लिहून काढलं आणि सुकन्यानं लिहिलेलं शेजारी ठेवलं. आधी एक यंत्राकडून वाजवून घेतलं, मग दुसरं.

तिसऱ्या ओळीत फरक निघाला. सुकन्याच्या पानावर वरचा सा दोन मात्रा होता. अर्धापूरवाल्यांनी तो पुऱ्या चार मात्रा धरला होता.

मास्तरांनी तीनदा ऐकलं. मग त्यांची जीभ आपोआप पुढच्या दातांकडे गेली. नऊ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून दोन दात गेले, कवळी बसली, तेव्हापासून वरचा सा त्यांना लांबवता येईना. म्हणून त्यांनीच तो दोन मात्रांचा केला आणि वहीत नवं पान डकवलं. सुकन्याला या घरात येऊन चार वर्षं झाली होती. चार मात्रांचा सा तिनं ऐकलेलाच नव्हता. चाल नेणारा दात पडण्याआधीचा होता.

असा माणूस एकच, ट्रम्पेटवाला शिवप्पा. वीस वर्षं शेजारी उभा राहून वाजवलेला. कवळी बसायच्या आधीच, दुसऱ्या बँडला फितूर झाल्याच्या संशयावरून मास्तरांनी त्याला काढून टाकलं होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं की तो लेकीकडे अर्धापूरला राहतो, तिथल्या बँडला शिकवतो. मास्तर तडक गेले. शिवप्पा ओट्यावर बसला होता. त्यानं आधी पाणी पुढं केलं.

"चाल कुनाची वाजवतोस, शिवप्पा?"

"आपली."

"आपली न्हाई. माझी."

"वरचा सा धरून खाली उतरायचं कुनी काढलं? किल्लारीला जाताना जीप बंद पडली. रस्त्याकडंला बसून मीच वाजवून दावलं. तू म्हनलास, हां, हे ठेवू. आठवतंय का न्हाई?"

'न्हाई' म्हणायचं मास्तरांच्या ओठावर आलं होतं. पण आठवत होतं, जीपच्या तापलेल्या बॉनेटसकट.

"मंग काढलं तवाच बोलला का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा? फितूर ठरवूनच दार दावलंस."

निघताना मास्तरांनी शिवप्पाचा फोन नंबर तेवढा घेतला.

घरी आल्यावर सुकन्यासमोर उभे राहिले. "तुझ्यावर आळ घेतला मी."

"माहीत होतं मामा. दिवा बघायला उठत होता तुम्ही, तवाच कळलं."

"तरी शिकवलंस?"

"माझ्या सांगण्यावर विश्वास बसला असता तुमचा? आता मला सांगितलं ते ह्यांनाबी सांगा. लग्नाहून आल्यापासून माझ्याशी निम्म्या शब्दात बोलतात."

रात्री जेवताना मास्तरांनी वीरेशपुढं चूक कबूल केली. सुकन्यानं दोघांना भाकरी वाढली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात शिवप्पा फोनवर ट्रम्पेटचा भाग गाऊ लागला आणि मास्तर एकेक सूर लिहून घेऊ लागले. हा आपला वाटा वाढवून तर सांगत नाही ना, म्हणून बोटांवर मोजतही होते. पानाच्या वर चाल बांधणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथं त्यांनी दोन नावं लिहिली, स्वतःचं आधी.

सुकन्यानं मात्र नंतर त्यांच्या फायलींना हात लावला नाही. मास्तर कुठं अडले की हाक मारत. पहिल्या हाकेला ती येत नसे. दुसऱ्या हाकेला येई, दारातूनच सांगे आणि म्हणे, "आता येतंय की तुम्हाला, मामा."