बरणी भरत आली तेव्हा

माग्दालेना नदीकाठच्या त्या शाळेत एदेल्मिराबाई एकोणीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळत होत्या. आवाज खणखणीत, पण हात कधी कुणावर उगारला नाही. त्या वर्षीची बेचाळीस पोरं मात्र नुसता कालवा करायची. घरी पोचेपर्यंत बाईंचा घसा बसलेला असायचा.

म्हणून त्यांनी टेबलावर काचेची बरणी ठेवली. वर्ग शांत राहिला की मक्याचे मूठभर दाणे आत. कुणी बोललं, जागचं उठलं की मूठभर बाहेर. बरणी भरली की सगळ्यांना नदीवर नेऊन कोंबडीच्या सांकोचोचं, म्हणजे कंदमुळं घातलेल्या रश्श्याचं, मोठं पातेलं चढवायचं.

पंधरवड्यात वर्ग चिडीचूप. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "बाई, चेटूक केलंत की काय?" बाई सुखावल्या.

मग एकेक गोष्ट खुपू लागली. मधल्या सुट्टीतही पोरं कुजबुजतच बोलायची. दोघा-तिघांच्या दंडावर चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसले.

"कुणी केलं रे हे?"

सगळ्यांच्या माना खाली. मागच्या बाकावरची योलेनिस, वर्गातली सगळ्यांत थोराड पोरगी, तेवढी बाईंकडे रोखून बघत होती. बाईंनी विषय वाढवला नाही. शांतता त्यांनाही हवीच होती.

बरणी भरायला दोन बोटं उरली होती. गणिताच्या तासाला बाईंचं लक्ष नोराल्बाकडे गेलं. पोरगी घामाने निथळत होती, तोंडातून लाळ गळत होती. बाईंनी धावत जाऊन तिचा बूट काढला. आतून चिरडलेला विंचू पडला.

"कधी चावला गं?"

"हजेरीच्या वेळी."

हजेरी होऊन पाऊण तास झाला होता.

"अगं, मग ओरडली का नाहीस?"

नोराल्बाने आधी मागे वळून पाहिलं. "दाणे गेले असते, बाई."

कुणाच्या तरी मोटरसायकलवर, पोरीला छातीशी धरून, बाईंनी दवाखाना गाठला. औषध शिल्लक होतं म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळा मका वर्गासमोरच खिडकीतून कोंबड्यांना टाकला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता बोला. ओरडा हवं तर."

कुणी हूं की चूं केलं नाही. एकेकाने मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. योलेनिस हाताची घडी घालून बसली होती. घंटा होईपर्यंत वर्ग तसाच राहिला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच एदेल्मिराबाईंना पोरांकडे पाठ करून फळ्यावर लिहायची भीती वाटली.