हिरवं पान छापलेल्या पत्रावळ्या

मंडळी, आज अहमदपूरला माझ्या भाचीचं बारसं होतं. जेवणाच्या पत्रावळ्या मीच नांदेडहून नेल्या होत्या. पुड्यावर हिरवं पान आणि खाली ‘पर्यावरणपूरक, मातीत मिसळणारी’ असं छापलेलं. मी सगळ्यांना कौतुकानं दाखवलंही.

जेवणं उरकल्यावर उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग साचला. बहिणीच्या सासूबाईंना म्हटलं, "मावशी, टाकू का तुमच्या शेळ्यांपुढं? नुसता कागदच आहे."

मावशींनी एक उचलून नखानं खरवडली. "कागद हाय तर वरण खाली का गळालं न्हाई?"

त्यांनी पत्रावळी घमेल्यात ठेवून वर उकळतं पाणी ओतलं. अर्ध्या तासानं तिच्यावरचा पापुद्रा सोलून माझ्या हातात दिला. पातळ, आरपार दिसणारं प्लास्टिक.

"मागच्या साली असलंच पोटात जाऊन माझी गाभण शेळी मेली," एवढंच बोलल्या.

मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पान छापलेलं असलं की माल लवकर उठतो. आत काय हाय ते कंपनीलाच माहीत."

घरी आल्यापासून एकेक वस्तू उलटून बघतेय. भांड्याचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, फरशीचं लिक्विड, सगळ्यांवर पान आहे. ते कुणी तपासून दिलं, हे एकावरही सापडेना.

तुमच्या घरातल्या पानांचं काय? गरम पाणी ओतून बघितलंय कधी?

मी तर तो ढीग उचललासुद्धा होता. शेळ्या दावणीला उभ्या राहून माझ्याकडंच बघत होत्या.