क्लच जड आहे म्हणतात

सिग्नलला थांबलं की कुणीतरी हेल्मेटची काच वर करून विचारतंच, "कशी आहे राव गाडी?" कधी डिलिव्हरीवाला, कधी शेजारच्या स्कूटरवरचे काका. एकदा रहाटणी चौकात बसच्या खिडकीतून एका गृहस्थांनी विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांची बस निघाली. माझी गाडी आहेच तशी. गोल दिवा, फुगीर टाकी, सपाट सीट, वर उचललेला सायलेन्सर आणि मातीत चालतील असे खाचाखाचांचे टायर. दिसायला जुनी, आतून नवीकोरी. स्क्रॅम्बलर म्हणतात तिला.

मला ते विचारणं आवडायचं. खोटं कशाला बोलू, गाडी मी त्याच्यासाठीच घेतली होती. चाळिशी उलटलेला माणूस मी. आयटीआय करून लातूरकडून इकडे आलो आणि चाकणला एका कंपनीत लाइनवर उभा राहिलो तो राहिलोच. आयुष्यात जे जे घरात आणलं ते गरजेचं म्हणून आणलं. फ्रिज, शिलाई मशीन, मुलीसाठी टेबल. ही एकच वस्तू निव्वळ हौसेची. बायको सोसायटीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करते, तिने गाडीला ओवाळलं आणि पहिल्याच फेरीत निकाल दिला, "सीट लई छोटीय. ब्रेक मारला की मी तुमच्या पाठीवरच येते. लोकं काय म्हनतील?"

अशी गाडी असणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, फोनवरचा. रविवारी नाशिक फाट्याला जमायचं, राजगुरुनगरच्या पुढे जाऊन मिसळ खायची आणि जेवायच्या आत घरी यायचं, एवढंच त्याचं कार्य. बाकी आठवडाभर मतं. कुणी म्हणतो सीट दगड आहे. कुणी म्हणतो सायलेन्सरने उजवी पोटरी भाजते. एकाचं म्हणणं टायर काँक्रीटवर रडतात, दुसऱ्याचं म्हणणं तेच तर संगीत आहे. गोल दिव्याच्या उजेडावर तर दर आठवड्याला भांडण होतं. पण खड्ड्यांच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत. चाकणच्या रस्त्याला ही गाडी जशी पचवते तशी कुठलीच पचवत नाही.

माझं मत एकच होतं आणि ते मी पहिल्या पावसाळ्यानंतर मांडायला सुरुवात केली. क्लच जड आहे. मोशीपासून चाकणपर्यंतच्या रोजच्या गर्दीत, पहिल्या गिअरमध्ये सरकत जाताना माझा डावा हात भरून यायचा. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठा बधिर, मग मनगटात कळ. घरी पोचल्यावर गेटाची कडी डाव्या हाताने निघायची नाही.

आता माझ्या मताला ग्रुपमध्ये वजन होतं, कारण आमच्या कंपनीत दुचाक्यांचे क्लचच बनतात. माझं आख्खं तारुण्य त्याच्या प्लेटा बसवण्यात गेलंय. माझ्या गाडीतला क्लच मात्र आमचा नव्हता, पलीकडच्या दुसऱ्या कंपनीचा होता. मग काय विचारता! मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. त्यांची स्प्रिंग कशी असेल, प्लेटा कशा असतील, आमच्याकडे असला माल गेटाबाहेर कसा गेला नसता. लिहिताना छाती फुगली होती माझी. दोन-तीन जणांनी लगेच लिहिलं, "बरोबर आहे दादा, मलाही वाटतंच होतं." आधी कुणालाच वाटलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

काळेवाडीच्या मेकॅनिककडे जाऊन केबल बदलली. फरक नाही. परत बदलली. हँडलवरची क्लचची दांडी बदलली, तेल बदललं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, आता काय ऱ्हायलंय बदलायचं?" मी त्यालाही ऐकवलं. आमच्याकडे लाइनवर दोष सापडला की कारण शोधायची ठरलेली पद्धत आहे. पाच वेळा 'का' विचारायचं. मशीनचा दोष आहे का, मालाचा आहे का, पद्धतीचा आहे का, माणसाचा आहे का, सगळं तपासायचं. साहेब लोक माणसापासून सुरुवात करतात आणि आम्ही मशीनपासून, त्यावरून दर मीटिंगला हमरीतुमरी होते. मी माझ्या क्लचचे सगळे 'का' विचारले. मशीन झालं, माल झाला, पद्धत झाली. माणसापाशी काही मी गेलो नाही. सवयच नव्हती.

मग तो रविवार आला. ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली होती, हिंजवडीत नोकरी करणारी, सांगवीची. किडकिडीत अंगाची, पण गाडी झकास चालवायची. मिसळ खाताना माझं क्लचपुराण सुरू झालं तशी ती म्हणाली, "काका, एक चक्कर मारून बघू का तुमच्या गाडीवर?" दिली किल्ली. ती पुढच्या वळणापर्यंत जाऊन आली, गाडी स्टँडला लावली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "अहो काका, हा तर माझ्या क्लचपेक्षा हलका आहे. मी दोन बोटांनी दाबला."

सगळे हसले. "दादा, प्रोटीन खा," असं कुणीतरी म्हणालं. मीही हसलो. हसता हसता हातातला पाण्याचा ग्लास निसटून खाली पडला, आणि तो डाव्या हातातून पडला. फुटला नाही, स्टीलचा होता. मी वाकून उचलला, तो उजव्या हाताने.

त्या दिवसापासून मला चैन पडेना. सगळं आपोआप दिसायला लागलं. शर्टाची बटणं बायकोच लावत होती, हे मला प्रेम वाटत होतं. लाइनवर माझ्या हातून नट सांडत होते, ते मला चिकट तेलामुळे वाटत होतं. आमच्या स्टेशनवर, म्हणजे लाइनवरच्या ठरलेल्या जागी, हवेची गन डाव्या बाजूला टांगलेली असते. उजव्या हाताने बोल्ट लावायचा आणि डाव्या हाताने गन ओढून तो घट्ट करायचा. गन सुरू झाली की मनगटापासून खांद्यापर्यंत हात थरथरतो. दिवसभर, प्रत्येक शिफ्टला, इतकी वर्षं. मी गाडीच्या केबली बदलत होतो.

पिंपरीत एका डॉक्टरांना गुपचूप दाखवलं. बायकोला सांगितलं की ओव्हरटाइम आहे. त्यांनी सुया टोचून तपासलं आणि म्हणाले की मनगटात नस दबली आहे. अंगठ्याखालचं मांस उतरायला लागलंय, ते त्यांनी दोन्ही तळवे शेजारी ठेवून मला दाखवलं. लवकर ऑपरेशन केलं तर हात वाचेल. पण त्यानंतर गन धरायची नाही, कायमची. मी विचारलं, "आणि नाही केलं तर?" ते म्हणाले, "तर गन आपोआप सुटेल."

खाली येऊन मी गाडीवर बसलो आणि किल्ली लावायचं धाडसच होईना. भीती वाटत होती, साधी सरळ भीती. माझ्या आधी त्या स्टेशनवर एक सांगलीकडचा माणूस होता. त्याचा खांदा गेला. त्याला आधी पॅकिंगला टाकलं, मग स्टोअरला, मग गेटाजवळच्या झाडांना पाणी घालायला. एक दिवस तो दिसेनासा झाला. कुणी काढलं नाही, आपणच गेला असं सांगतात. मी त्याला पाणी घालताना पाहिलंय. येता-जाता आम्ही त्याला हात करायचो आणि तो पाइप वर करायचा. मला दुसरं काही येत नाही. मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे. सांगितलं तर नोकरी जाईल आणि न सांगितलं तर हात जाईल. आणि हात गेल्यावर नोकरी तरी कुठली राहते, हे कळत असूनही मी सांगितलं नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीत कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होती. त्यात एक यंत्र मुठीत धरून दाबायला लावतात आणि काटा किती सरकतो ते बघतात. मी घरी बॉल आणून दाबत बसलो. सकाळी उठलं की हात उशीखालून दुसऱ्याचा असावा तसा बाहेर काढावा लागायचा. उजव्या हाताने डाव्याची बोटं चोळत बसायचो आणि बायको चहा घेऊन आली की मोबाइल उचलायचो. चिडचिड वाढली. पोरीवर खेकसलो, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं. ग्रुपवर तर त्या मुलीला उलट लिहिलं की दोन मिनिटांच्या चकरेत क्लच कळत नसतो. परत लिहिलं, क्लच जडच आहे. आणखी चार जणांनी हो म्हटलं.

शनिवारी मोशीला बायकोच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. बायको म्हणाली रिक्षाने जाऊ, मी हट्टाने गाडी काढली. जाताना कसंबसं निभावलं. परत निघालो तेव्हा शिफ्ट सुटायची वेळ, पुढे कंटेनर, मागे कंपनीच्या बसेस, मधे आम्ही. पाऊलभर सरकायचं आणि थांबायचं. मी क्लच दाबत होतो आणि सोडत होतो. मग एकदा दाबायला गेलो तर बोटं दांडीवर होती पण दांडी आत जाईना. गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा प्रयत्न केला. मनात सगळी ताकद लावत होतो, बोटांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. मागून हॉर्नचा गोंगाट. एकजण ओरडला, "ए हिरो, चालवता येत नसंल तर घेतो कामून?" आमच्याच मुलखाचा असणार.

"काय झालं हो?" बायको म्हणाली.

"क्लच जड झालाय."

मग माझ्या खांद्यावरून वाकून तिने माझा हात बघितला. दांडीवर तो नुसता ठेवल्यासारखा पडला होता.

"क्लच नाही," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही का? बटणं कोण लावतं तुमची?"

मी रडलो. भर रस्त्यात, हेल्मेटच्या आत. डॉक्टर, ऑपरेशन, गन, तो पाणी घालणारा माणूस, सगळं तिला समोर बघतच सांगून टाकलं. मागचे हॉर्न चालूच होते. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "सरका पुढं."

मी टाकीला चिकटेपर्यंत पुढे सरकलो. ती माझ्या पाठीला पूर्ण टेकली, माझ्या काखेखालून हात घातला आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. सीट छोटी होती म्हणून तिचा हात पोचला. रोज परातभर कणीक मळणारा हात तो. तिने दाबली आणि दांडी सहज आत गेली.

"आता?"

"आता हळू सोड."

"हळू म्हंजे किती?"

"तव्यावर पोळी टाकतेस तेवढं."

पहिल्यांदा गाडी पुन्हा बंद पडली. दुसऱ्यांदा सरकली. मी पायाने गिअर टाकायचो आणि उजव्या हाताने रेस द्यायचो, ती माझ्या सांगण्यावर दाबायची आणि सोडायची. अशा रीतीने आम्ही भोसरीपर्यंत आलो. वाटेत ती एवढंच बोलली, "सोमवारी कंपनीत सांगायचं. झाडाला पाणी घालायला लावलं तर घालायचं. मी डबे वाढवते. पन हात पाहिजे मला."

मी हो म्हणालो नाही. खरंच म्हणालो नाही. मनात अजून ते मुठीत दाबायचं यंत्र होतं, आणि आपण बाम लावून, गोळी घेऊन एवढी एक तपासणी काढू, असं चाललं होतं.

भोसरीच्या सिग्नलला थांबलो. शेजारी एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, टाकीवर डब्याची पिशवी, माझ्याच वयाचा माणूस. त्याने गाडी वरपासून खालपर्यंत बघितली.

"भाऊ, कशी आहे? मी घ्यायच्या विचारात आहे," तो म्हणाला. "सगळं आवडलंय, पण हिचा क्लच लई जड आहे म्हणतात. एका ग्रुपवर लोकांनी लिहिलंय तसं, मला कुणीतरी पाठवलं." मग त्याचं लक्ष दांडीवरच्या दोन हातांकडे गेलं आणि तो खो खो हसला. "अरे, वहिनींना पण हात लावावा लागतो की!"

मला मान हलवता आली असती. नुसतं हसून 'हो ना' म्हटलं असतं तरी चाललं असतं. बायकोचा हात माझ्या हातावर गरम लागत होता आणि ती श्वास रोखून थांबल्याचं पाठीला कळत होतं.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "क्लच एकदम हलका आहे. माझा हात गेलाय."

त्याचं हसू थांबलं. त्याने माझ्या हाताकडे बघत मान डोलावली. सिग्नल सुटला.

"सोमवारी असंच सांगायचं," बायको कानाशी म्हणाली. "हेच शब्द." आणि मी काही सांगायच्या आधीच तिने क्लच दाबला.