बेटावरची सही

पावसाचा वीट येतो का कुणाला? मराठवाड्यातल्या माणसाला तर येऊच नये. मला आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीचा तो हिवाळा. आमच्या गावात नळ वीस-वीस दिवस नुसता फुरफुरायचा. आणि मी माल्टा नावाच्या बेटावर, आइस्क्रीमच्या एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहून आभाळाला शिव्या घालत होतो. पायमोजे भिजून चिकटलेले, नाक गळणारं, आणि समोरचा समुद्र भांडी घासून उरलेल्या पाण्यासारखा राखाडी.

गावाचं नाव सांगत नाही, उगाच चार घरांत भांडणं लागतील. लातूर जिल्ह्यातलं, कर्नाटकाच्या अंगाचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. तिथं मी तीस वर्षं भूगोल शिकवला. आमच्या महादेवाच्या देवळामागं बारव आहे, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. घरोघर नळ आले तसा गावानं तिचा उकिरडा केला. त्या वर्षी पोळा झाला, आभाळ कोरडंच राहिलं, तेव्हा माझ्या बायकोनं गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि गाळ उपसायला घेतला. मी वरून टोपल्या ओढायचो. गुटख्याच्या पुड्या, लग्नातल्या पत्रावळ्या, औषधाच्या बाटल्या, एका कुत्र्याचा अख्खा सांगाडा. दर टोपलीला मी तोंड फिरवायचो. बायको नाकाला पदर बांधून खालीच असायची. दीड महिन्यानं कातळ लागला आणि त्याच्या चिरेतून करंगळीएवढी धार सुटली. त्या धारेवर आमची गल्ली पाणी प्यायला लागली.

पण त्याच वर्षी नव्या जिल्ह्याची हूल उठली. ती आमच्याकडं दर सव्वीस जानेवारीच्या आधी उठते. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं तेव्हा मी नवा मास्तर होतो. तेव्हाही पेढे वाटले होते आणि पाणी होतं तेवढंच राहिलं होतं. आता आमचं गाव जिल्हा होणार, साहेब लोक येणार, हापिसांना जागा लागणार. देवस्थानच्या पंचांनी ठरवलं की बारव बुजवायची आणि तिच्यावर दुकानांचे गाळे बांधायचे. पंच पाच. ठरावावर पाचही सह्या लागतात. चार झाल्या होत्या. पाचवी माझी, आणि ती मी देत नव्हतो.

पंचांचा अध्यक्ष म्हणजे माझा थोरला मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. सगळे त्याला अण्णा म्हणतात. त्याला माझी नस बरोबर ठाऊक होती. तीस वर्षं मी भूमध्य सागर फळ्यावर काढत आलो होतो आणि समुद्र म्हणून काय तो हैदराबादचा हुसेनसागर पाहिला होता. एक दिवस तो मला नांदेडला घेऊन गेला. एका एजंटाच्या ऑफिसात भिंतभर निळाशार समुद्र लावला होता. “ऑफ-सीझन हाय सर,” एजंट म्हणाला, “गर्दी न्हाई, कटकट न्हाई. पूरा बेट तुमचंच.” खर्च अण्णाचा. बरोबर आणखी दोन पंच, एक दालमिलवाला आणि एक कापडवाला. अण्णा एवढंच म्हणाला, “दाजी, जल्मभर पोरांना शिकवलंत. एकदा डोळ्यांनी बघा की.”

हे कशासाठी चाललंय हे मला कळत नव्हतं असं नाही. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण भिंतीवरच्या त्या निळ्या रंगाला मी भुललो. घरी बायको धपाट्यांचा डबा भरत होती. ती म्हणाली, “जावा, बघून या. न्हाई कोण म्हणतं? पण तेवढी सही करून येऊ नका.”

“मी काय कुकुलं बाळ हाय का?” मी म्हणालो.

भूमध्य सागरी हवामान: उन्हाळे कोरडे, पाऊस हिवाळ्यात. पाच गुणांचा प्रश्न. ज्यांना हे येत नव्हतं त्या पोरांचे कान मी पिळलेत. आणि जानेवारीत तिथं जाताना ही अक्कल माझ्याच डोक्यात आली नाही. विमानातून उतरलो तो पावसात, आणि आठ दिवस पावसातच राहिलो.

हॉटेलात आम्ही चौघं आणि एक खोकणारा म्हातारा, बाकी सगळं रिकामं. पोहण्याचा हौद कोरडा होता. तळाला कुजका पाला, त्यात एक उलटी प्लॅस्टिकची खुर्ची. बायकोनं दीड महिना उपसली ती घाण मला इथंही भेटली. गाद्यांना ओल्या घोंगडीचा वास. भिंतींना बुरशी. चौथ्या दिवशी आमच्या धपाट्यांनाही बुरशी आली, आणि दालमिलवाल्यानं ती बोटानं पुसून ते खाल्ले. बाहेर दुकानांना फळ्या ठोकलेल्या, ‘मार्चमध्ये भेटू’ अशा पाट्या. उघडं काय, तर एक खाणावळ. तिथं सशाचं मटण आणि तळलेल्या माशांचा वास. आम्ही लिंगायत, पदराआड नाक लपवायलाही आम्हाला पदर नव्हता. आम्ही वाटाण्याच्या तेलकट करंज्या खायचो आणि रात्रभर आंबट ढेकर द्यायचो.

पण खरी शिसारी आली ती कापडवाल्याची. मी, तो आणि दालमिलवाला एका खोलीत; तिथल्या न्हाणीघरात पांढरा टब होता. दिवसातून तीनदा तो त्यात बसायचा आणि नळ बंदच करायचा नाही. वरून पाणी पडतंय, काठावरून वाहतंय, आणि हा आतून ओरडतोय, “मास्तर, लातूरची सगळी कसर भरून काढून राहिलो!”

“अहो, नळ तरी बंद करा,” मी म्हणालो. “इथं समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करतात. फुकट नसतंय ते.”

“मग काय तुमच्या बारवेत जाऊन पडणार हाय का ते?” तो म्हणाला, आणि दालमिलवाला पोट धरून हसला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं बाहेर गेल्यावर मी दाराला कडी लावली आणि तोच टब काठोकाठ भरून त्यात बसलो. गळ्यापर्यंत पाणी अंगाला लागल्याला किती महिने झाले होते! पाऊण तास बसलो. मग बूच काढलं. पाणी गरगर फिरत भोकात गेलं, तेव्हा पायऱ्या चढताना दर पाचव्या पायरीला दम खाणारी बायको डोळ्यांपुढं आली. कापडवाला निदान उघड्या तोंडानं करत होता. मी कडी लावून केलं. मला माझीच किळस आली.

सहाव्या दिवशी आम्ही बोटीनं शेजारच्या गोझो नावाच्या बेटावर गेलो. तिघं चहा शोधायला गेले. मी तोंडं चुकवून एकटाच एका वाडीत शिरलो. शेताच्या बांधांना दगड रचलेले आणि त्यावर निवडुंग. आपल्याकडचाच निवडुंग बघून मला जरा बरं वाटलं. एका दारात काळ्या कपड्यांतली म्हातारी उभी होती. मी भिजतोय हे बघून तिनं हातानं आत बोलावलं. तिला मोडकं इंग्रजी येत होतं, मलाही तेवढंच येतं, त्यामुळं जमलं.

तिच्या अंगणात दगडी झाकण होतं. कशाचं, म्हणून विचारलं तर तिनं ते सरकवलं. खाली घराएवढी खोल टाकी, कातळात कोरलेली. छतावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून तिच्यात पडत होतं. म्हातारीनं सांगितलं, आमच्या पणज्यांच्या काळापासून रीत आहे, घराखाली पाणी नसेल तर ते घर नव्हे. आता नळ आलेत, पोरं म्हणतात बुजवून टाक, खोली काढू. तिनं मान हलवली आणि त्यांना एक शिवी हासडली असावी. मग दोरानं बादली सोडून मला पेलाभर पाणी दिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा तोंडाला चव आली. मी पेला ठेवला आणि मनाशी म्हणालो, सही नाही म्हणजे नाही. अण्णाला आजच तोंडावर सांगायचं.

सांगायचं राहून गेलं. वारं सुटलं आणि बोटी बंद झाल्या. आम्ही गोझोवरच एका खोलीत अडकलो, चौघांत दोन पलंग. त्यात मला ताप भरला आणि पोट सुटलं. करंज्यांनी असेल, भिजण्यानं असेल. दोन दिवस मी माणसात नव्हतो. पलंगावरच ओकलो, आणि सांगायला लाज वाटते, पलंगावरच सगळं झालं. दालमिलवाला आणि कापडवाला नाकाला रुमाल लावून जे बाहेर गेले, ते खालच्या खोलीतच बसून राहिले.

अण्णा राहिला. सत्तरीला आलेला माणूस, गावात ज्याच्यापुढं माना खाली जातात. त्यानं बाह्या सारल्या, माझं अंग पुसलं, माझी लुंगी आणि चड्डी मोरीत स्वतःच्या हातानं धुतली. घडीघडीला मीठ-साखरेचं पाणी पाजलं. सकाळी न्हाऊन भस्म लावून गळ्यातल्या लिंगाची पूजा केली आणि त्याचं तीर्थ माझ्या ओठाला लावलं. ठरावाचा एक शब्द काढला नाही. मी म्हणालो, “अण्णा, तुम्ही कशाला?” तर म्हणाला, “गप पडा. बहिणीला काय तोंड दाखवू मी?” ते खोटं नव्हतं. आज इतका राग असूनही मी ते खोटं म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी बोट सुटली. आत चहाची टपरी होती, चौघं एका टेबलाभोवती बसलो. अण्णानं माझ्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. मग पिशवीतून फाइल काढली आणि कपाच्या शेजारी ठेवली.

“दाजी, तेवढं एक राहिलं होतं. घाई न्हाई. तुमच्या मनाला वाटलं तरच.”

तो असा म्हणाला नसता, दरडावलं असतं, तर मी भांडलो असतो. भांडायला मी भीत नाही. पण टेबलावरचे ते हात मी बघत होतो. नखं साबणानं पांढरी पडली होती. त्या हातांना नाही कसं म्हणायचं? दालमिलवाला खिडकीबाहेर बघत होता. कापडवाल्यानं पेनाचं टोपण आधीच काढून ठेवलं होतं. भीड भिकेची बहीण, असं मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल. मी सही केली. नेहमीची, खाली दोन टिंबं देऊन, ठसठशीत. अण्णानं कागद फुंकून वाळवला आणि माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. तो मी प्यालोही.

हैदराबादहून गावी पोचलो तेव्हा दुपार होती. बायकोनं उंबऱ्यावर पाय धुवायला तांब्या दिला. पाणी बारवेचं होतं, तळाशी बारीक वाळू दिसत होती. दुष्काळातही परगावाहून आलेल्या माणसाला ती पाण्याशिवाय घरात घेत नाही. मी उंबऱ्यावरच थांबलो. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला काय कळायचं ते कळलं.

“केली?” ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. ताप सांगितला, बोट सांगितली. तिचाच भाऊ आहे, तिला तरी पटेल असं मला वाटत होतं. म्हणालो, “अगं, त्या माणसानं माझे घाणीचे कपडे धुतले गं. स्वतःच्या हातानं. त्याला तोंडावर न्हाई कसं म्हणू?”

तांब्या तिनं खाली ठेवला. कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली, डोक्यावर चुंबळ बसवली.

“छत्तीस वर्सं झाले,” ती म्हणाली, “तुमचे कपडे मीच धुऊन राहिले. माझ्यासाठी कुठं सही केली तुम्ही?”

आणि बुजवायला मुरमाच्या गाड्या यायच्या आत जेवढ्या खेपा होतील तेवढ्या कराव्यात म्हणून, ती बारवेकडं निघून गेली.